दहा नंबरच्या रजिस्टरातला ताऊ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण टेलिफोनच्या केबलची ती फालतू चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही.

नव्वदनंतरची वर्षं. दिल्लीच्या हद्दीवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शेतांवर प्लॉट पडत होते, बड्या कंपन्यांतली माणसं राहायला येत होती. महिन्यात दुसऱ्यांदा त्यांचे टेलिफोन बंद पडले. जमिनीतली तांब्याची केबल कुणीतरी कापून नेली होती. माझा फोन तेवढा चालू होता, आणि वरिष्ठ तो खाली ठेवू देत नव्हते.

खबऱ्याने सांगितलं की गावातल्या एका विहिरीपाशी रबर जळल्याचा वास येतो. केबल जाळूनच तांबं काढतात. विहीर कुणाच्या शेतात ते ऐकून हवालदार हसला. "साहेब, हा तर आपला दहा नंबरी!"

दहा नंबरचं रजिस्टर म्हणजे निगराणीखालच्या गुन्हेगारांची नोंदवही. हद्दीत चोरी झाली की आधी त्यातली माणसं उचलायची, हा ठाण्याचा रिवाज. या नावापुढे लिहिलं होतं, 'सराईत तारचोर'. आणखी काय हवं?

त्याला आणलं. पंचाहत्तरीचा म्हातारा, धोतर, हातात काठी. सगळं गाव त्याला ताऊ, म्हणजे थोरले काका, म्हणायचं. कुणी न सांगताच तो भिंतीशी फरशीवर बसला. ती जागा त्याच्या सवयीची होती.

मी दरडावलं, "ताऊ, तार कापलीस?"

"हां थानेदारसाब, कापली."

चला, पाच मिनिटांत केस सुटली, असं मला वाटलं. "कधी?"

"बेचाळीस साली. रेल्वेच्या कडेची. गोऱ्यांचा निरोप पुढे जाऊ नये म्हणून. जेलही भोगली."

हवालदार फिदीफिदी हसायला लागला. माझा पारा चढला. "परवाची केबल कुणी नेली ते बोल!"

म्हातारा शांत होता. "साब, खांबावरची तार डोळ्यांना दिसते. ही छातीभर खोल पुरलेली. ती कुठे जोडलीय ते मला काय ठाऊक? ज्याने पुरली त्याला विचारा."

खड्डे मी स्वतः पाहिले होते. नेमक्या जोडावर खणलेले, एकही वाया गेलेला नव्हता. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! केबल टाकणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाला त्याच दुपारी उचलला. आधी त्याने खूप आकांडतांडव केलं. मजुरांना वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा त्यांची गोष्ट जुळेना आणि मुकादम फुटला. माल मिळाला. ताऊच्या विहिरीवर धूर दिसला की पोलीस कुणाला धरणार, हे मुकादमाला गावातूनच कळलं होतं, म्हणून त्याने केबल तिथे जाळली.

ताऊला सोडताना विचारलं, आजवर किती वेळा आणलं?

"कोण मोजतो? पोराच्या वरातीतूनसुद्धा नेलं होतं." मग हळूच म्हणाला, "मेल्यावरही शिपाई दारात येईल, खरंच मेला का बघायला. गावासमोर चोर म्हणूनच जाणार मी. तेवढं टळलं तर बघा."

जुनं उर्दू रजिस्टर शोधून मी एका म्हाताऱ्या मुन्शीकडून वाचून घेतलं. खटला एकच, बेचाळीसचा, आणि कलम चोरीचं. राजकीय कैदी लिहिलं तर माणसाला मान मिळतो, म्हणून इंग्रजांनी चोर लिहिलं. त्यांचं समजू शकतो. पण ते गेल्यावर आमच्याच लोकांनी तेच पान दर नव्या रजिस्टरात इमानेइतबारे उतरवलं, वर 'सराईत' हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला. चालू रजिस्टरातल्या पानाखाली तपासणीची शेवटची सही माझी होती. आमच्या साताऱ्याकडे बेचाळीसच्या माणसाला झेंडावंदनाला पहिली खुर्ची मिळायची, आणि मी त्याला फरशीवर बसवला होता. मला मनापासून लाज वाटली.

नाव काढण्याचा प्रस्ताव केला. त्याचा मजकूर ठरलेला असतो, 'वर्तन सुधारले आहे, सबब नाव कमी करावे.' ताऊला खुर्ची दिली आणि वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. तो काठी टेकून उठलाच.

"सुधारलो? कशातून सुधारलो? राहू दे नाव!"

"अहो ताऊ, हा नुसता सरकारी नमुना आहे."

"नमुना तुमचा असेल, तार मी कापलीय. मरेपर्यंत इथे येऊन बसेन, पण सुधारलो म्हणून सुटणार नाही."

तो कागद फाडला. नव्याने लिहिलं, 'तार कापली हे खरे. परकीय सरकारविरुद्ध कापली. चोरी केली नाही. सुधारण्यासारखे काही नव्हते.'

वरिष्ठांचा फोन आला. "असा शेरा कुठे असतो का?"

"नसतो, सर. म्हणून तर पन्नास वर्षं लागली."

त्यांनी फोन ठेवला. पण सही केली.

तो आदेश मी गावाच्या चौपालावर, म्हणजे तिथल्या चावडीवर, वर्दीत उभं राहून वाचला. ताऊ म्हणाला, "फिर से." मी पुन्हा वाचला. त्याचा मुलगा, स्वतःच पन्नाशीचा, पागोट्याच्या शेवात तोंड लपवून रडत होता.

गुन्हेगार माणसं मी पुष्कळ पाहिली. पण चुकीची नोंद त्यांच्याहून चिवट असते आणि ती आपल्याच सहीवर जगते, हे मला ताऊमुळे कळलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत न वाचता एकाही पानावर सही केली नाही.

पुढच्याच हिवाळ्यात ताऊ गेला. निरोप मिळाला तसा निघालो. शेवटी पोलीस त्याच्या दारात गेलाच, पण खांदा द्यायला.