सासूबाईंच्या बातम्या

माझ्या सासूबाईंनी उभा जन्म कापडगिरणीत काढला. मागांच्या खडखडाटात तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारायच्या. नोकरी संपली तेव्हा सासूबाईंचे कान पार गेले होते; ओठ वाचायची विद्या तेवढी उरली.

पुढे आम्ही गच्चीवर डिश बसवून एचडी कनेक्शन घेतलं. चित्र इतकं लख्ख दिसायला लागलं, की बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ त्यांना वाचता यायला लागले. मग काय, जगाच्या बातम्या त्याच आम्हाला सांगायच्या. "अगं, आवाज कमी कर की, मला नीट ऐकू येतंय!" म्हणून स्वतःच खळखळून हसायच्या.

गेल्या महिन्यात कंपनीनं एचडी सेवा बंद केली. साधी, पुसट चॅनेल तेवढी राहिली. त्या संध्याकाळी सासूबाई पडद्याजवळ सरकल्या, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ही बाई आज तोंडातल्या तोंडात का बोलतेय गं?"

मी समोर बसून सावकाश सांगितलं, "आई, ते स्वच्छ चित्र बंद झालं. आता असंच दिसणार."

"दुसरीकडून घेता येईल ना?"

"दुसऱ्या कंपनीची नवी डिश आता आपल्याला परवडायची नाही, आई."

तेव्हापासून स्वयंपाक उरकला की मीच त्यांना बातम्या सांगायला बसते. त्या मान डोलावतात. काल मात्र मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "दमलीस तू. राहू दे. जगाचं काय, चाललंच असेल."

आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.