अडतीस फुटांवरचं तळं

देवमनने तीस वर्षांत साठ-सत्तर विहिरी खोदल्या होत्या. खडक म्हणजे पाण्याच्या वाटेतली अडचण, एवढाच त्याचा आणि खडकाचा संबंध. धनजचा हा माणूस पंचावन्नचा, अंगाने सडपातळ, एका जागी दहा मिनिटं न टिकणारा. त्याचा जोडीदार प्रेमसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. प्रेमसिंग खडकात भोकं पाडायचा, देवमन त्यात सुरुंग भरायचा. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं.

गेल्या मे महिन्यात ते गावाजवळच वीरेंद्रच्या शेतात खोदत होते. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. अडतीस फुटांवर पाषाण संपला. त्याखाली बोटभर जाडीचा लाल थर निघाला, भट्टीतल्या विटेसारखा. आणि त्याच्याही खाली राखाडी, काचेसारखा फुटणारा दगड. मलबा क्रेनच्या बकेटीत भरताना देवमनच्या हाती त्या दगडाची एक चीप आली. तिच्यावर नखाएवढे शंख होते, एकाला एक चिकटलेले, सगळे दगडाचे.

"प्रेमसिंग, हे पाह्य."

"शंख हायेत. नाल्यात राह्यते तसे."

"ते दिसते मले. पन इथं कायले?"

"पुरात वाहून आले असतीन."

"वरचा पाषाण फोडाले आपल्याले महिना लागला. त्याच्या खाली हे गेले कुठून?"

प्रेमसिंगने खांदे उडवले आणि ड्रिल मशीन सुरू केलं.

त्या संध्याकाळी देवमन उभ्याउभ्याच जेवला. सकाळी उठून नाल्यावर गेला आणि डबक्यातले जिवंत शंख डब्यात भरून घेऊन आला. ओट्यावर एका बाजूला ते मांडले, दुसऱ्या बाजूला दगड ठेवला. टोक वर धरलं की नाल्यातल्या शंखाचं तोंड उजवीकडे यायचं. दगडातल्यांचं डावीकडे. त्याने एकतीस शंख तपासले. एकही उजवा निघाला नाही.

"सकाळपासून काय करून राह्यले तुमी?" बायकोने, दुर्गाबाईने विचारलं.

"हे आपल्या नाल्यातले नाईत."

"मंग कोनाचे हायेत?"

तेच त्याला कळत नव्हतं. विहिरीवर गेला तेव्हा प्रेमसिंगची भोकं पाडून झाली होती. देवमन सुरुंगांच्या पेटीजवळ गेला आणि तिथेच घुटमळला.

"इथं सुरुंग नाई लावत मी. छन्नीनं काढू."

"दीड-दोन फुटांचा थर हाय बे. आठ दिवस जातीन. पुढच्या सोमवारी वरचा मुरूम बांधाले बांधकामवाले येऊन राह्यले."

"जाऊ दे आठ दिवस."

वीरेंद्र बाजूलाच उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "देवमनभाऊ, तुमाले विहीर खोदाले बोलावलं, शंख येचाले नाई."

"अर्धी बाजू छन्नीनं काढतो. अर्धी सुरुंगानं उडवतो. सोमवारच्या आत मोकळं करून देतो."

वीरेंद्र कसाबसा तयार झाला. प्रेमसिंग मात्र चिडून दुसऱ्या कामावर निघून गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

देवमन पिशवीत तीन दगड घेऊन बसने कारंज्याला गेला. कॉलेजात त्याला आधी कारकुनाने सांगितलं, की इथे दगडांचा विषय शिकवत नाहीत. तो गेला नाही, व्हरांड्यात येरझारा घालत राहिला. शेवटी वनस्पतीशास्त्राच्या उज्ज्वला मॅडमनी त्याला आत बोलावलं. दगड हातात घेतल्यावर त्यांनी खुर्ची सरकवून भिंग काढलं.

"कुठं सापडलं? किती खोल?"

त्याने सगळं सांगितलं, लाल थरासकट. मग म्हणाला, "मॅडम, हे सगळे डावे हायेत."

त्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नाल्यातले आणून पाह्यले."

दुसऱ्या दिवशी मॅडम डोक्यावर हेल्मेट घालून क्रेनच्या बकेटीत बसून विहिरीत उतरल्या. लाल थराला हात लावत त्या बोलू लागल्या. आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो एकदाच आला नाही, थांबून थांबून आला. मधल्या काळात इथे पाणी साचलं, तळं झालं, झाडं उगवली, शंख झाले. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने वरची माती भाजून लाल केली. हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचं.

देवमनने आकडा सोडून दिला. त्याला वेगळंच विचारायचं होतं. "खालच्या चिपांत शंख दाट हायेत. वरच्या चार बोटांत एखाददुसरा. म्हंजे लाव्हा यायच्या आधीच तळं आटून राह्यलं होतं?"

"असू शकतं. तपासावं लागेल."

हे 'असू शकतं' त्याला रुचलं नाही. मॅडम गेल्यावर तो अंधार पडेपर्यंत छन्नी चालवत राहिला. निघालेल्या प्रत्येक चिपेवर खडूने वरची बाजू आणि खोली लिहीत होता.

तिसऱ्या दिवशी प्रेमसिंग परत आला. "तिकडची क्रेनच आली नाई," एवढंच बोलला आणि दुसरी छन्नी उचलली. दुपारी त्याच्याच हाताने बोटाएवढी एक दगडी काडी निघाली, आडव्या फोडीत बारीक ठिपके असलेली. मॅडम फोनवर म्हणाल्या, ताडाच्या जातीच्या झाडाचं लाकूड असावं. प्रेमसिंगने ती काडी दिवसभर खिशात ठेवली, बकेटीत टाकली नाही.

रविवारपर्यंत, अर्धा छन्नीने आणि अर्धा सुरुंगाने, थर मोकळा झाला. पुढे पुन्हा काळा पाषाण लागला, आणि तीन आठवड्यांनी एकोणपन्नास फुटांवर पाणी. वीरेंद्रने नारळ फोडला, पेढे वाटले. मग तळापर्यंत बांधकाम झालं आणि सिमेंटच्या भिंतीमागे तळं कायमचं झाकलं गेलं. चौऱ्याहत्तर चिपा मात्र कॉलेजात पोचल्या होत्या. कपाटातल्या प्रत्येक चिठ्ठीवर शेताचं नाव, खोली आणि 'शोधक : देवमन, धनज' असं लिहिलं होतं. देवमनने ते एकदा जाऊन पाहिलं.

पण त्याला चैन पडेना. आपण तीस वर्षांत असे किती थर उडवून मलब्यात फेकले, हे त्याच्या डोक्यातून जाईना. काम नसलं की सायकलवर आरसा आणि दोरी घेऊन तो जुन्या विहिरी पाहत फिरू लागला. बहुतेक बांधून काढलेल्या होत्या. बिनबांधणीच्या ज्या होत्या, त्यांत आरशाने ऊन सोडायचा आणि काठावर पालथा पडून पाहायचा. दुर्गाबाईने एकदा सायकलचं हँडल धरलं. "पानी लागलं, शंख भेटले, बाई येऊन गेली. आता काय राह्यलं?"

"तळं केवढं होतं, ते कोनाले मालूम?"

चौथ्या विहिरीत, वीरेंद्रच्या शेतापासून दोन-अडीच किलोमीटरवर, काळ्या खडकामध्ये राखाडी पट्टा दिसला. बावीस वर्षांपूर्वी ही विहीर त्यानेच खोदली होती. दोरी सोडून मोजलं तर एकतीस फूट. तिकडे अडतीस, इथे एकतीस. तळं तेच की दुसरं? मग त्याच्या लक्षात आलं, की हे रान सखल आहे. जमिनीचा उतार मोजल्याशिवाय दोरीचा उपयोग नाही.

त्याने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, उतार मोजायचं यंत्र घेऊन गुरुवारी येते.

गुरुवारला तीन दिवस होते. दोरी गुंडाळून त्याने सायकल वळवली आणि पाचव्या विहिरीकडे निघाला.