मुक्ताआक्काचा उजवा कान

मुक्ताबाई ओव्हाळ कशाने गेली, हे तेरखेड्यात कुणालाही विचारा. चहाच्या गाड्यावरचा सांगेल, एसटीची वाट बघणारा सांगेल, ज्याने आयुष्यात कधी सुतळी बॉम्ब वळला नाही तोही सांगेल. सगळे एकच सांगतात, आपल्या कानाला बोट लावून. "कानात ते यंत्र व्हतं की तिच्या."

माझे फाट्यावर मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. ते यंत्र त्याच्या पेटीशिवाय फोनला कसे जोडायचे, हे तिला मी शिकवले. गावाला हे माहीत नाही, आणि मे महिन्यापासून मी ते कुणाला सांगितलेही नाही. मी काही सज्जन माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आक्का माझी कुणी लागत नव्हती. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचो, मनात मात्र ती मोठी बहीणच होती. भूमकडची लेक, ओव्हाळांच्या घरात दिली. लग्नाला आठ वर्षे झाली आणि नवरा काविळीने गेला. पदरात एकच तान्ही पोरगी, चैताली. दिराने म्हटले, माहेरी जा. आक्का म्हणाली, "म्या कुठं जायची न्हाय. जागा माजी बी हाय." दुसऱ्या आठवड्यात ती फटाक्याच्या शेडमध्ये सुतळी गुंडाळायला बसली आणि बावीस वर्षे तिथेच बसली. दारूच्या डबीवर सुतळी गुंडाळायची, खळ लावायची, उन्हात वाळायला टाकायची. तिच्या बोटांच्या पेरांतून चंदेरी रंग कधी गेलाच नाही. चटणी-भाकरी खातानाही बोटे चमकायची, आणि मी म्हणायचो, आक्का, तुमचे हात तेवढे श्रीमंत आहेत.

चैताली लातूरला नर्सिंगला गेली तेव्हा आक्काने एक हट्ट धरला. तू तिथे काय शिकतेस ते मला कळले पाहिजे. आक्का चौथी शिकलेली. पोरगी पाठांतरासाठी आपलेच धडे मोठ्याने वाचून फोनमध्ये भरून ठेवायची, तेच आईला पाठवू लागली. आक्का दुकानात यायची आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायची. "युवराज, माणसाच्या काळजाला चार कप्पे असत्यात. तुला किती हायत रं? तीन हजाराचा फोन चार हजाराला इकतूस म्हणून इचारलं."

दिवाळीला चैतालीने तिला कानातल्या त्या बिनतारी गोळ्या आणून दिल्या. दोन गोळ्या आणि त्यांची चार्जिंगची पेटी. आता शेडचा नियम असा, की आत फोन न्यायचा नाही, काडेपेटी नाही, लोखंडाचे काही नाही, पायात चप्पलसुद्धा नाही. ठिणगीची भीती. बायका आपापल्या पिशव्या शेडपासून दहा पावलांवरच्या तारेच्या कुंपणाला टांगतात आणि अनवाणी आत जातात. आक्काने पिशवीत फोन आणि पेटी ठेवली, आणि एक गोळी कानात घालून वरून पदर घेतला. फोन आत न्यायचा नाही असे नियमात होते. कानाबद्दल नियमात काही नव्हते. शेडचा मुकादम लिंबाजी भला माणूस, पण बाईच्या पदराखाली बघणार कसा?

अडचण एकच व्हायची. पाणी प्यायला टाकीकडे गेली, की फोन लांब पडायचा आणि आवाज तुटायचा. मग गोळी पुन्हा पेटीत घालून काढल्याशिवाय लागायची नाही, आणि पेटी कुंपणावर. दर वेळी कुंपणाकडे गेले की लिंबाजी ओरडायचा.

"पेटीबिगर जोडता येतंय का रं?" तिने मला विचारले.

मी शहाणा. मी म्हणालो, त्यात काय आक्का, हातचा मळ आहे. गोळी कानातच ठेवायची. तिच्या पाठीवर बोट दाबून धरायचे, मनात एक ते पाच म्हणायचे, बारीक टुंग वाजेल. फोन ओळखीचा आहे, आपोआप धरतो. मग दोन टिचक्या मारल्या की धडा पुढे चालू. तिने माझ्यासमोर चार वेळा करून बघितले. पाचव्यांदा मला गप्प बसवून केले. तिला जमल्यावर मलाच असा आनंद झाला, की मी तिला चहा पाजला.

चहा पिता पिता तिने उजवी गोळी काढून डावी घालून बघितली, लिंबाजीच्या हाकेला उजवा कान मोकळा राहावा म्हणून. ती म्हणाली, "वाजतंय व्हय? मला तर कायच ऐकू ईना." मी गोळी माझ्या कानात घालून बघितली, ठणठणीत होती. मग आक्का जरा ओशाळली. म्हणाली, दोन वर्षे झाली, डावा कान गेला आहे. चाचणीचे फटाके वाजवायला ती उभी राहायची, त्यात कधीतरी गेला. "चैतालीला सांगू नगंस. उगं दवाखान्याच्या मागं लागंल, आन अभ्यास बोंबलंल."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग उजवी घाला. चांगल्या कानात घाला."

एवढेच वाक्य. मी त्याचा दिवसभरात पुन्हा विचारही केला नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी शेडबाहेर उन्हात टाकलेल्या बॉम्बच्या वाळवणाला आग लागली. कशाने, ते अजून कुणाला कळलेले नाही. ऊन असे होते की पत्र्याला हात लावता येत नव्हता. लिंबाजी तीनदा ओरडला, पळा म्हणून. शेडमध्ये चार बायका होत्या, तिघी पळाल्या. आक्काची पाठ दाराकडे होती आणि ती मान खाली घालून सुतळी गुंडाळत होती. शेवटची पळाली ती बाई सांगते, की तिने जाता जाता आक्काच्या पदराला हात घातला, पण तो हाताला लागलाच नाही. तोवर आग शेडपर्यंत आली होती. स्फोटाचा आवाज माझ्या दुकानात आला तेव्हा मी कुणाच्या तरी फोनची काच बसवत होतो.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसे झाले. ज्यांनी कधी तिला दारात बसवले नाही ते तिचे गुण गाऊ लागले, आणि गुण संपले की हळूच कानाला बोट लावू लागले. यंत्रातून ठिणगी पडली म्हणे. अरे, आग पडली वाळवणाला, ती बसली होती शेडमध्ये! पण खरे बोलायला तोंड लागते, आणि माझे तोंड शिवलेले होते. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसे माहीत?

जूनच्या शेवटी चैताली दुकानात आली. कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते आणि ती लातूरला गेलेली नव्हती. परीक्षेचे एकच वर्ष राहिलेले. तिने काउंटरवर आईचा फोन ठेवला, शेजारी ती पेटी ठेवली. पिशवी कुंपणाला होती म्हणून दोन्हीला ओरखडाही नव्हता.

"मामा, यातले माझ्या आवाजाचे सगळे धडे पुसून टाका. माझ्या हातनं हुईना."

"कशाला पुसायचे?"

तिने पेटी उघडून दाखवली. उजवा खळगा रिकामा. डाव्या खळग्यात गोळी तशीच, कोरी करकरीत. "हे बघा. तिनं एकच घातलं होतं. एक कान मोकळा ठेवला होता. मोकळ्या कानानं तीन हाका ऐकू येत न्हाईत व्हय? माझं ऐकण्यात इतकी गुंगली होती ती. माझ्या आवाजानं मारलं मामा तिला. मी आता ते पुस्तक उघडूच शकत न्हाय."

माझ्या हातात आक्काचा फोन होता. पुसायला किती वेळ लागतो, अर्धे मिनिट. पुसून दिला असता तर ती गेली असती, लातूर सोडले असते, आणि कुठल्यातरी शेडमध्ये नाहीतर कुणाच्यातरी घरात जन्मभर हेच म्हणत बसली असती. आणि मी सुखाने फोन विकत बसलो असतो. मला स्वतःची किळस आली. मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकले. पेटीशिवाय जोडायला मी शिकवले. आधी सोपे ते सांगितले. मग उरलेले सांगितले.

"तिचा डावा कान मोकळा नव्हता, बाळ. तो गेलेला होता. उजवी घाला असं मीच म्हणालो. चांगला कान मी बंद केला. तुझा आवाज नसता, दुसरं काहीबी असतं, तरी तिला हाक ऐकू गेली नसती. यात तुझं काही नाही."

मला वाटले ती मला शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. लिंबाजीला सांग, पोलिसांना सांग, गावाला सांग, असे मीच म्हणालो. तिचे लक्षच नव्हते. ती डावी गोळी चिमटीत धरून बसली होती.

"डावा कान? कधीपासनं?"

"दोन वर्षं म्हणाली होती."

तिने गोळी पेटीच्या खळग्यात परत ठेवली. मग म्हणाली, "एप्रिलात जयंतीला आले होते ना मी. आई चुलीपुढं होती. मी हिकडं बसले होते, भिंतीकडनं." तिने डावा हात उचलून आईची डावी बाजू दाखवली. "मी हळूच म्हणाले, आई, तू हे काम सोड, मला लई भ्या वाटतंय. मला एक दवाखाना पगारावर घ्यायला तयार हाय, शिकत शिकत करते, आपलं भागंल. तिनं वर बघितलं न्हाय. भाकरी थापत ऱ्हायली. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यागत करतीया. मला राग आला. मी ते परत काढलंच न्हाय. जाताना नीट बोलले बी न्हाय."

तिने पेटीचे झाकण मिटवले.

"म्हंजे तिला ते ऐकू गेलंच नव्हतं," चैताली म्हणाली. "मामा, मी नुसतं उठून दुसऱ्या अंगाला बसले असते तर?"