पंपातली साय

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, आणि मी पाण्याने गार होणारा कॉम्प्युटर बांधला. यावरून बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने मला कधी ना कधी टोमणा मारून घेतला आहे. वॉचमनसुद्धा सोडत नाही. टँकर आला की हाक मारतो, "ताई, कॉम्प्युटरला बादली लावू का?"

पण माझा नाइलाज होता. आकुर्डीतलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. उन्हाळ्यात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. चाकणच्या कंपनीतली डिझाइनची नोकरी सोडून मी घरून काम सुरू केलं, तेव्हा साधा, पंख्यांचा कॉम्प्युटर दुपार झाली की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. शेवटी मी एकेक भाग निवडून, व्हिडिओ बघून बघून, नवा स्वतःच जोडला. एका बाजूला काच, आत पारदर्शक नळ्या, एक उभी छोटी टाकी आणि टाकीच्या बुडाशी मुठीएवढा पंप. पंप पाणी ढकलणार, पाणी आतली उष्णता घेऊन जाळीकडे जाणार, गार होऊन परत येणार. एवढंच. पाणी मी दुधाळ पांढरं घेतलं होतं. रंगाचं काही काम नव्हतं, नुसती हौस. त्या हौसेने पुढे मला चांगलंच रडवलं.

दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर आली. माझ्याकडे माझी स्वतःची पहिली मोठी ऑर्डर होती. पत्र्याचे भाग वेल्डिंग होईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचं डिझाइन. चाकणच्या कारखान्यातल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत फायनल ड्रॉइंग पाहिजे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्याला देतो." मी जमेल म्हणाले. न जमलं तर काय, हे मला माहीत होतं. पुन्हा कंपनीची बस, पुन्हा चाकण चौकात तासन् तास उभं राहणं, आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसून 'आलीस का परत?' हे ऐकणं.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

आधी काम करता करता अडखळायचा, मग स्क्रीन काळी. हात लावला तर पेटी तापलेली. पुन्हा सुरू करावा, ड्रॉइंग उघडावं, दोन रेघा माराव्यात, की पुन्हा बंद. पंपाचा वेग स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होता. पंप फिरतोय, म्हणजे पाणी फिरतंय, म्हणजे दोष दुसरीकडे, असं मी ठरवलं आणि दुसरीकडे शोधत बसले. वायरी काढल्या, लावल्या. उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट बदलली. पंखे उलटसुलट केले. इंटरनेटवर विचारलं, तर अमेरिकेतल्या कुणा शहाण्याने सांगितलं की खोलीचं तापमान कमी ठेवा. वर स्लॅब तापलेला आणि हा तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय!

घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून तरुणपणी इकडे आले आणि जन्मभर लेथवर उभे राहिले. रिटायर झाल्यावरही भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. मग हाताला कंप सुटला आणि तेही सुटलं. आता दिवसभर घरात असतात, आणि घरात बिघडलेली एकच वस्तू होती.

"काय करायलीस, माय?"

"काही नाही अण्णा. बंद पडतोय."

"पट्टा सैल झाला असंल."

"याला पट्टा नसतो."

"पट्ट्याबिगर फिरतंय कसं मग?"

असं दर थोड्या वेळाने. मी मान खाली घालून स्क्रू फिरवायची आणि मनात दहा आकडे मोजायची. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. अण्णांनी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावून आणलं. काका चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, पहिली शिफ्ट करून नुकतेच आले होते. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास रोखून बघतोय.

"एअर धरलीय," काका म्हणाले.

"मी म्हणलो नव्हतो का?" अण्णा म्हणाले. त्यांनी पट्टा म्हटलं होतं.

मग दोघांनी कॉम्प्युटर दोन बाजूंनी धरला आणि कलता केला. पूर्वी आमच्या भागात सकाळी सकाळी प्रत्येक स्कूटर अशीच एका अंगावर आडवी करून, मगच किक मारून सुरू करायचे. माझा कॉम्प्युटर, माझं पोट ज्याच्यावर चाललंय तो, चहाच्या टेबलावर आडवा, आणि काका वरून थापा मारताहेत! मी ओरडले. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "ताई, घाबरू नका, बुडबुडा निघतोय बघा." आणि खरंच एक बुडबुडा निघाला. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. अण्णा आणि काकांनी गॅलरीत उभं राहून जी फुशारकी मारली, ती मला आतून ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मी पुण्यातल्या दुकानदाराला फोन केला. "मॅडम, आमचा पंप कधी जात नाही," तो म्हणाला, आणि लगेच पुढे, "नवा हवा असेल तर स्टॉकमध्ये आहे." मी गेले, आणला. टाकीतलं पाणी एका भांड्यात काढून घेतलं, नवा पंप बसवला, तेच पाणी परत भरलं. मूर्खपणाच, पण महागाचं पाणी, टाकून कसं द्यायचं? नवा पंप चालला. जेमतेम जेवण होईपर्यंत चालला. मी ताट तसंच ठेवून उठले आणि बघते तर स्क्रीन काळी.

तेव्हा मात्र माझ्या नाकी नऊ आले. मी जमिनीवर बसले आणि चक्क रडले, रागाने. साहेबांचा मेसेज येऊन पडला होता, 'ड्रॉइंगचं कुठपर्यंत?' मी उत्तर दिलं नव्हतं. अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "त्याला जरा आराम दे." मी म्हटलं, "तुम्ही आत जा."

नवा पंपही तसाच करतोय म्हणजे दोष पंपाचा नाही, हे समजायला पंपाचे पैसे जावे लागले. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. जुना पंप घेतला, चारही स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत साय होती. पिवळसर, चिकट, रात्रभर उघड्या राहिलेल्या दुधावर येते तशी. पंपाचं चाक तिने लडबडलं होतं; नुसतं जागच्या जागी फिरत असणार, पाणी पुढे सरकत नसणार. बोटाने खरवडली तर बोट तेलकट झालं. मी वास घेतला, आणि मग पुढचं काही शोधायचं उरलं नाही.

तो आंबूस, तेलकट वास मी डोळे मिटूनही ओळखला असता. लेथवर लोखंड कापताना वरून दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याचा वास. लहानपणी अण्णा शिफ्टवरून आले की त्यांच्या शर्टाला तो असायचा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. शाळेत माझ्या दप्तरालासुद्धा तो वास येतो असं मुली म्हणायच्या, आणि मला काही वाटायचं नाही, कारण वर्गात निम्म्या जणींच्या दप्तराला तो यायचा.

"अण्णा, याच्यात काय ओतलंत?"

ते लगेच बाहेर आले. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "खंडेनवमीला पाणी खाली गेलतं त्याचं. मी वर्कशॉपमधनं आणलेलं तेल होतं की थोडं, ते पाण्यात कालवलं, तुझ्या पाण्यावाणीच पांढरं होतंय, अन् टाकीची लेव्हल केली."

"मला विचारायचं नाही?"

"त्यात काय इचारायचं? मशीन धुवायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं, मग पूजा. रिकाम्या टाकीचं मशीन पूजेला ठेवतेत का कुठं?"

मला खंडेनवमीची सकाळ आठवली. देवघरापुढे पाटावर अण्णांचे नट आवळायचे दोन पाने, त्यांचं मापाचं व्हर्नियर, आणि कॉम्प्युटरला झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं. मीच फोटो काढला होता. मला वाटलं होतं, चला, अण्णांनी माझं काम मनावर घेतलं. घेतलं होतंच, नको तेवढं.

मी खूप बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला, हा तुमचा लेथ नाही, तुमच्यामुळे माझी ऑर्डर चालली, असं सगळं. अण्णा ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आता काय लागंल?"

"काही नाही. शुद्ध पाणी लागेल."

ते चपला घालून गेले. मी भांडी घासायचं लिक्विड कोमट पाण्यात घालून नळ्या, जाळी, टाकी, दोन्ही पंप धूत बसले. पहिलं पाणी गढूळ, दुसरंही गढूळ. बेसिनभर तो वास. अण्णा परत आले ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचे दोन कॅन घेऊन, जिना चढून. दोन्ही हातांना कंप. मी कॅन घेतले आणि थँक्यू वगैरे काही म्हटलं नाही, राग होताच.

या वेळी रंगबिंग काही नाही, नुसतं पाणी भरलं. कॉम्प्युटर सुरू केला आणि काम करत राहिले. अण्णा पलीकडे खुर्चीवर, पेपर नुसता समोर धरून, डोळे टाकीकडे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग गेलं. साहेबांनी अंगठा पाठवला, आणि वर 'हॅपी दिवाळी'.

मी खुर्ची मागे सरकवली तेव्हा अण्णा उठून जवळ आले. काचेतून वाकून बघत म्हणाले, "आता ह्याला तेलपाणी कवा करायचं?"

"करायचं नाही. बंद असतं ते, आतल्या आत फिरतं."

"ग्रीसबिस?"

"नाही, अण्णा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. कुणी हात लावायचा नाही, बस."

त्यांनी कॉम्प्युटरमागे पडलेला, वाळलेला झेंडूचा हार उचलला, हातात गोळा केला. "म्हणजे माणूस लागतच नाही ह्याला," ते म्हणाले, आणि हार कुंडीत टाकायला गॅलरीत गेले. किती तरी वेळ आत आले नाहीत.

या वर्षी त्यांच्याजवळ पूजेला दुसरं मशीनच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. इतकं वाईट वाटलं की मला त्याचाही राग आला.

मी गॅलरीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "पुढच्या पंख्याला बाहेरून एक वेगळी जाळी आहे. तिच्यात धूळ बसते. ती दर रविवारी धुवावी लागते."

त्यांनी वळून पाहिलं. "साबणानं?"

"नुसत्या पाण्यानं. आणि पूर्ण वाळवून."

"ते सांगायला लागतंय व्हय मला?"

तेव्हापासून दर रविवारी अण्णा जाळी काढतात, नळाखाली धुतात, गॅलरीत दोरीवर चिमटा लावून वाळवतात आणि थरथरत्या हातांनी परत बसवतात. उलटी बसवतात. मग पंखा तिला घासत खरखरतो आणि माझ्या डोक्याला ताप होतो. ते दुपारी झोपले की मी जाळी काढते आणि सुलटी करून ठेवते.