अख्तरबानूंचं त्रैराशिक

बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढून अख्तरबानू शेख नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागल्या. औषधाच्या मात्रांचा तास त्यांच्याकडे होता. स्वारगेटला बिबवेवाडीच्या बसची वाट बघताना त्या मनाशी म्हणायच्या, यापेक्षा वॉर्डातली रडारड परवडली. बारावी झालेल्या मुलींना साधं त्रैराशिक मांडता येऊ नये?

"दोन मिलीमध्ये ऐंशी मिलिग्रॅम औषध आहे. बाळाला वीस मिलिग्रॅम द्यायचंय. किती मिली भराल?" त्यांनी वर्गात विचारलं.

"आठ," विजयमाला म्हणाली. कात्रजच्या शेतकऱ्याची ही मुलगी कामाला वाघीण होती, पण गणितात कायम उलटी.

"अख्खी कुपी रिकामी केली तरी दोनच मिली निघतं. उरलेलं सहा कुठून आणणार बाई, कात्रजच्या तळ्यातून?"

वर्ग हसला. विजयमालाचा चेहरा पडला. "सूत्रात घातलं ना, मॅडम."

"सूत्र टोचायचं नसतं बाळाला! औषध कमी हवंय, तर मिली कमी होणार की जास्त?"

पुढच्या महिन्यात मुली वॉर्डात कामाला लागल्या. एका दुपारी विजयमाला धापा टाकत त्यांच्या खोलीत आली. "मॅडम, दोन मिलीत शंभर आहे, पन्नास द्यायचंय. माझं उत्तर चार येतंय."

"पुन्हा उलटं मांडलंस!" अख्तरबानू ओरडल्याच.

"म्हणूनच आले. दुसरी कुपी फोडायला घेतली आणि वाटलं, एवढ्याशा बाळाला दोन कुप्या? वॉर्डातल्या सोजरबाई सिस्टर म्हणाल्या, भर लवकर. मी नाही म्हटलं."

अख्तरबानूंनी तिच्यासमोर कागद सरकवला. या वेळी उत्तर एक मिली आलं. मग स्वतः वॉर्डात जाऊन त्यांनी सिरिंज तपासली आणि इंजेक्शन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"तुमची मुलगी फार वेळ लावते हो," सोजरबाई कुरकुरल्या.

"लावू दे," अख्तरबानू म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांना चहा जाईना. आपण इतक्या चिडतो, की मुली विचारायलाही घाबरत असतील, हे पहिल्यांदाच डोक्यात आलं. ही आली, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी तासाला त्यांनी ठरवून आवाज खाली ठेवला आणि विचारलं, दोन मिलीत ऐंशी, द्यायचंय दहा. विजयमालाने बरोबर उत्तर दिलं, पाव मिली. शेजारच्या मुलीने मात्र ठणकावून सांगितलं, "सोळा मिली!"

अख्तरबानूंनी डोळे मिटले, खडू टेबलावर आपटला आणि फळा पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.