काटेरी उंदराची पाठ

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर काटेरी उंदरांचे पिंजरे होते. ते सांभाळणाऱ्या माणसाच्या कामाचा उरक असा दांडगा, की सगळे त्याला 'झटपट'च म्हणत.

या उंदरांची कातडी फार नाजूक. कुणी धरलं की ती तिथेच सोडून ते निसटतात. मग जखम अशी भरते, की त्या जागी केससुद्धा नव्याने उगवतात आणि व्रण म्हणून राहत नाही. हे कसं होतं याचाच अभ्यास वरच्या मजल्यावरच्या मॅडम करत होत्या. "हाताने धरायचं नाही, नळीत आपणहून शिरू द्यायचं," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

एके दिवशी त्याच्या घरी जावई यायचे होते, आणि एक उंदीर काही केल्या नळीत शिरेना. झटपटने त्याला मानेमागे चिमटीत धरलं. उंदीर निसटला, पाठीवरची कातडी ओल्या कागदासारखी चिमटीतच राहिली. झटपटने ती कचऱ्यात टाकली, पिंजरा मागे सरकवला आणि घर गाठलं.

पुढे रोज तो चोरून बघायचा. जखम आक्रसत गेली, लव आली, काटे आले. एका सकाळी तर तो उंदीर कोणता हेच ओळखू येईना.

"बरा झाला ना? मग कशाला उकरून काढताय?" बायको म्हणाली.

"त्याची पाठ सोललेली होती गं, आणि मी इथे जावयांशी खिदळत बसलो होतो."

शेवटी तो वर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मॅडमनी एवढंच विचारलं, "कोणता?"

दोघं खाली आले. दिव्याखाली एकेकाच्या पाठीवर फुंकर मारून पाहिली. काही सापडलं नाही.

"आता हा अख्खा पिंजरा प्रयोगातून बाद," मॅडम म्हणाल्या.

"मला काढून टाका, मॅडम."

"त्याने काय होणार? त्याच दिवशी सांगायचं होतंत. दुखणं कमी करायचं औषध कपाटातच होतं."

हे त्याला सुचलंही नव्हतं. बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. हे औषधाचं मात्र मनातून जाईना.

बाद झालेला पिंजरा त्याने मागून घेतला आणि खिडकीपाशी ठेवला. त्यातला तो कोणता हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांचंच तितक्या जपून करत राहिला.