दहापैकी दहा देणारे भाऊजी

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढ्या मोटारसायकली खपल्या असतील, त्या सगळ्यांच्या मालकांत सर्वांत समाधानी माणूस म्हणजे माझे भाऊजी. हे मी म्हणत नाही, शोरूमचा कॉम्प्युटर म्हणतो. मला विचाराल तर ज्या गाडीनं त्यांना अख्खा उन्हाळा छळलं, ती मी केव्हाच त्या शोरूमच्या काचेत नेऊन घातली असती. मी सानगडीच्या शाळेत मास्तर, आवाज चढवणं हा माझा धंदाच. पण भाऊजी वेगळ्या मातीचे. त्यांना राग येत नाही असं नाही, येतो. पण तो वाटेत कुठं तरी झाडाखाली टेकतो आणि पोचेपर्यंत इकडं भांडण आटोपलेलं असतं. मग भाऊजी त्या रिकाम्या जागेकडं पाहून गोड हसतात. थोरल्या बहिणीचे यजमान पडले, म्हणून मला काही बोलायची सोय नाही. तरी मी बोलतोच, ही गोष्ट वेगळी.

भाऊजींचं घराणं मासेमारीचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं आणि ते अड्याळच्या बाजूला नव्या वसाहतीत राहायला आले, पण जुन्या गावाची एक रीत मात्र त्यांच्या अंगातून गेली नाही. तळ्यावर मासे निघाले की सारख्या वजनाचे ढीग लावायचे, आणि ज्यानं ढीग लावले त्यानं सगळ्यांच्या शेवटी आपला वाटा उचलायचा. भाऊजी वयाच्या विसाव्या वर्षापासून ढीग लावत आले. त्यामुळं शेवटी उरेल ते आपलं, हे त्यांनी जगातल्या यच्चयावत गोष्टींना लावून टाकलं. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसतात आणि वरण संपलं म्हटलं की समाधानानं मान हलवतात. एकदा पवनीच्या स्टँडवर ते एसटीच्या दाराशी उभं राहून एकेकाला "चढा जी, चढा" म्हणत राहिले. कंडक्टरला वाटलं, हे कोणाला तरी पोचवायला आलेत. त्यानं घंटी मारली, गाडी गेली, आणि भाऊजींनी जाणाऱ्या गाडीला हातही केला!

अशा माणसानं नवी मोटारसायकल घेतली आणि तिला एक विचित्र खोड निघाली. थंड असताना पहिल्या किकला सुरू व्हायची. पण दहा-बारा कोस चालून तापली आणि मग बंद केली, की संपलं. किक मारा, धक्का मारा, हातापाया पडा, तास-दीड तास ती ढिम्म हलायची नाही. भाऊजी तिला घेऊन शोरूमच्या सर्व्हिसिंगला जायचे. तिथं टोकन मिळायचं. नंबर जवळ आला की शेजारचा कोणी घाईत दिसायचा, कोणाला कोर्टात जायचं असायचं, कोणाचं पोर शाळेतून सुटायचं असायचं; भाऊजी आपलं टोकन त्याच्या हातात द्यायचे आणि त्याचं मागचं टोकन घ्यायचे. असं करत करत दुपार व्हायची. शेवटी सगळे गेल्यावर त्यांची गाडी आत जायची, तोवर ती रांजणासारखी गार झालेली असायची. काउंटरवरचा माणूस किक मारायचा, गाडी फुर्र करून सुरू व्हायची. "काका, हिला तर काहीच प्रॉब्लेम नाही," तो म्हणायचा आणि कार्डावर लिहायचा, गाडी धुऊन दिली. अशी ती गाडी पाच वेळा धुऊन मिळाली.

"अहो भाऊजी, पण तुम्ही टोकन देताच कायले?" मी एकदा डोकं धरून विचारलं.

"मले का घाई होती मास्तर? मी त बसूनच होतो."

बसून होते म्हणजे कुठं, तर वेटिंग रूममधल्या काचेच्या पेटीसमोर. त्या पेटीत तीन रंगीत मासे. सगळी गिऱ्हाईकं भिंतीवरचा टीव्ही पाहायची, भाऊजी ते मासे पाहायचे. ज्यानं उभा जन्म मासे धरले, त्याला मासा नुसता पाहत बसायचं हे सुख नव्यानंच कळलं होतं. हिरव्या पाण्यातून ती इवलीशी पिवळी मासोळी वळायची तशी यांची मानही हळूच वळायची. आपण कुठल्या कामाला आलो, हे ते अर्ध्या तासात विसरून जायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी काउंटरवर जाऊन तक्रार केली. मला केवढा आनंद झाला! पण तक्रार गाडीची नव्हती. "पाणी जुनं होऊन राहिलं जी, मासोळ्या वर येऊन तोंड काढून राहिल्या," असं सांगून त्यांनी बाह्या सारून पेटीतलं पाणी स्वतःच बदललं. घरी आले तेव्हा ताईनं विचारलं, "झाली का दुरुस्त?" तर म्हणाले, "हो, आता मजेत फिरून राहिल्या."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच वैशाखात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली उतरलं, आणि कोणी तरी येऊन सांगितलं की जुन्या गावाची जोती उघडी पडलीत. ताई ज्या घरात नवरी म्हणून गेली, त्याची दगडी पायरीसुद्धा दिसते म्हणे. तेव्हापासून ताईचं चित्त ठिकाणावर राहिना. भाकरी थापता थापता थांबायची. एकदा तरी त्या पायरीवर उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं. आणि वरच्या धरणातून पाणी सोडणार, ते पुन्हा चढायला आठच दिवस आहेत, असं सगळे सांगत होते. तिकडं एसटी जात नाही, सुकलेल्या गाळात ऑटोवाला उतरत नाही, झाडाची सावली तर नावाला नाही. गेल्या साली ताईला ऊन लागलं होतं, चार दिवस उठली नव्हती. तिथं गाडी बंद पडली तर? म्हणून भाऊजी गाडी नीट व्हायची वाट पाहत होते. मी म्हटलं, "चल ताई, माझ्या गाडीवर बस, मी नेतो." तर तिनं मला वेड्यात काढलं. "माहेरच्या माणसासंगं सासर पाहाले जाऊ का रे? मी यांच्यासंगच जाईन." भाऊजींना म्हटलं, माझी गाडी तुम्ही न्या, तर "मंग तुम्ही कायच्यानं जान मास्तर?" म्हणून ते घेईनात.

मग मात्र मी भाऊजींना पुढं घातलं आणि शोरूमच्या मॅनेजरपुढं जाऊन उभा राहिलो. वर्गात काढतो तो आवाज काढला. मॅनेजर काही दबला नाही. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "सर, रागावू नका. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर आमच्या ऑफिसातून फोन जातो. तुमच्या भाऊजींनी पाचही वेळा दहापैकी दहा गुण दिलेत. एवढं खूश गिऱ्हाईक आमच्याकडं दुसरं नाही." सातच्या खाली गुण आले तरच तक्रार वर जाते आणि नागपूरहून इंजिनिअर येतो, असा तिथला नियम. मी भाऊजींकडं पाहिलं. ते मासे पाहत होते.

आम्ही गाडी पुन्हा एकदा धुऊन घेतली आणि घरी आलो. वाटभर मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं: फोन आला की शून्य म्हणायचं. दुसऱ्या दिवशी फोन आला, मी तो स्पीकरवर लावला. ताई सुपात तांदूळ घेऊन बसली होती, तिचे हात थांबले. फोनवर एक पोरगी गोड आवाजात विचारत होती, "काका, आमच्या सेवेला दहापैकी किती द्याल?" मी समोरून बोटांचं शून्य करून दाखवलं. भाऊजींनी माझ्या बोटांवरून नजर काढून घेतली.

"बाई, एक विचारू का? मी शून्य म्हटलं त तुले कोणी बोलन का?"

मग ती म्हणाली, "तुम्हाला जे वाटतं ते द्या काका."

"थे नाही विचारलं. बोलन का?"

"...हो."

भाऊजींनी ताईकडं पाहिलं. मला वाटलं, ती तरी सांगेल. आठातले चारच दिवस तर उरले होते! ताईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "द्या ना जी दहा. कोणाची तरी पोरगी हाय बिचारी."

मी चप्पल पायात सरकवून सरळ सानगडीला निघून आलो. असा संताप आला होता त्या दोघांचा, आणि रस्त्यात डोळे का भरून येतात तेही कळत नव्हतं.

पुढचं मला ताईनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत ते दोघं त्याच गाडीवर निघाले. भेगाळलेल्या गाळातून, शिंपल्यांवरून हळूहळू जात, गावापाशी पोचले तेव्हा सूर्य वर आला होता. घराचं जोतं शंभरेक पावलांवर. पुढं माती ओली, गाडी जात नव्हती. ताई उतरली. भाऊजी उतरले नाहीत. गाडी तापली होती. बंद केली असती तर तास-दीड तास त्या उन्हात ताईला बसवून ठेवावं लागलं असतं. आणि चालू ठेवून सोडून गेलं तर घरघरत बंद पडायची. म्हणून ते तसेच बसून राहिले, एक पाय जमिनीला, ॲक्सिलरेटरची मूठ पिळलेली.

"तुम्ही चला ना जी," ताई म्हणाली.

"तू जाय. मी पाह्यलंच हाय."

ताई एकटी गेली. पायरीवर उभी राहिली. आत चुलीची जागा ओळखू येत होती, उखळ जमिनीत तसंच होतं. ती एकेक वस्तू पाहायची आणि तिथून ओरडून सांगायची, "उखळ हाय जी! न्हाणीचा दगड हाय!" गाडीच्या आवाजात तिकडं काहीच ऐकू जात नव्हतं. भाऊजी प्रत्येक वेळी मान हलवत होते. घर त्यांच्या बापानं बांधलेलं, जन्म त्यांचा तिथला, आणि ते शंभर पावलांवरून मान हलवत होते. हे सांगताना ताई रडली, मग स्वतःलाच हसली.

दोन दिवसांनी पाणी चढलं. नंतर केव्हा तरी संध्याकाळी भाऊजी ओट्यावर जाळं विणत बसले असताना मी त्यांच्याजवळ जाऊन टेकलो. भांडायचं म्हणूनच गेलो होतो. पण तोंडातून भलतंच निघालं.

"भाऊजी, खरं सांगा. तेवढ्या दुरून तुम्हाला काय दिसलं?"

त्यांचे हात चालूच होते. ते जुन्या गावाच्या दिशेनं पाहत राहिले, जिथं आता नुसतं पाणी होतं आणि त्यावर थोडा उजेड.

"तुही ताई दिसली ना," ते म्हणाले. "पायरी चढून घरात जाऊन राहिली होती."